सीझनपुरती कुत्री

नंदुरबारात राहून ज्याला मिरचीची शिंक येत नाही तो माणूसच नव्हे, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे माझा नवरा. जन्मभर एसटी चालवली, आता रिटायर होऊन घरात माझं डोकं खातात. पण हे म्हणतात ते खरं आहे. दिवाळीच्या आधी मिरचीचा सीझन सुरू झाला की गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनी लालभडक होतात. ओली मिरची पसरायची, उन्हात वाळवायची, बायकांनी रांगेनं बसून देठं खुडायची. त्या जागांना आम्ही पथारी म्हणतो. होळीपर्यंत तिथं नुसती जत्रा असते. होळी झाली की माल संपतो, माणसं आपापल्या गावी जातात आणि पथारी ओस पडते. तशा एका ओस पथारीवर मला ती सापडली.

ती म्हणजे कुत्री. गेल्या उन्हाळ्यात गेली. चांगली म्हातारी झाली होती, सकाळची भाकरी खाल्ली, ओट्यावरच्या उन्हात आडवी झाली आणि उठली नाही. असं मरण आलं तर रडायचं कशाला? मी रडले ती गोष्ट वेगळी. माझी घरातच पिठाची गिरणी आहे. गल्लीतल्या बायका दळण घेऊन येतात आणि अजून तिच्याच गोष्टी सांगत बसतात. हल्ली तर तिनं म्हणे चोर पकडला होता. म्हटलं, आपणच लिहून काढावं, नाहीतर या बाया तिला वाघीण करून सोडतील. अहो, चोर कसला, फुग्याला घाबरायची ती.

ती सापडली त्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी चाला. मी म्हटलं, दिवसभर गिरणीवर उभी असते ते काय कमी आहे? पण यांनी हट्टानं बूट आणून दिले. तेव्हा चैत्रातल्या एका सकाळी मी यांना शिव्या घालत पथाऱ्यांच्या रस्त्यानं चालले होते. एका पथारीवर कडुलिंबाखाली पोतं पडलेलं दिसलं. पुढे गेले, तर पोत्यानं डोळा उघडला.

बाई गं! अंगावर केस म्हणून नव्हता. सगळी कातडी करपल्यासारखी, खपल्याखपल्यांची. बरगड्या लांबून मोजाव्यात अशा. गळ्यातली साखळी मांसात रुतून बसली होती आणि तिचं दुसरं टोक खुंट्याला. खुंट्याभोवती साखळी पुरेल तेवढी जमीन फिरून फिरून गुळगुळीत झालेली. येणाऱ्याजाणाऱ्यानं कधी पाणी ओतलं असेल तेही आटून घमेलं कोरडं ठणठणीत. माझ्याकडे चालताना प्यायची बाटली होती. मी ओंजळीत पाणी घेऊन पुढे केलं. धड प्यायचीही ताकद नव्हती तिला, निम्मं सांडलं, पण पाणी संपल्यावर तिनं माझा तळहात चाटला. तिथंच मी फसले.

पथारी कुणाची ते मला ठाऊक होतं. मालक गावाच्या आमच्याच बाजूला, दोन आळ्या सोडून राहायचा. तशीच बूट घातलेली त्याच्या दारात गेले आणि अख्खी आळी जमेल इतकं ओरडले. बिचारा दाढीचा साबण तोंडाला लावून बाहेर आला. बिचारा आत्ता म्हणते, तेव्हा मला तो कसाई वाटत होता. त्याला आधी काही कळेचना. त्याचं म्हणणं, राखणदार आहे की तिथं, तो घालतो तिला खायला. राखणदार सातपुड्यातला, धडगावाच्या वरचा. तो होळीला घरी गेला होता आणि तिथून तसाच कामाला गुजरातेत. जाताना त्याला वाटलं, मालक रोज येतोच, तो घालील. मालकाला वाटलं, राखणदार आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं.

मालक तसाच साबणाच्या तोंडानं मोटरसायकलवर आला. तिला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "अरे देवा," एवढंच म्हणाला. पक्कड आणून त्यानं साखळी तोडली. मी म्हटलं, ही मी घेऊन जाते. तो म्हणाला, "लई जा ताई, चांगली करी टाक तिले. पन सीझन लागना म्हंजे परत आनी दे. पथारीवर कुत्री लागसच." आणि मी म्हटलं, बरं, आणून देईन.

म्हटलं, काय करणार? तेव्हा त्यानं चंद्र आणून दे म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं. गरजवंताला अक्कल नसते.

भाजीवाल्याच्या लोटगाडीवर घालून तिला घरी आणली. यांनी पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळानं आले ते हातात डबा घेऊन. डेपोतून जळकं ऑइल आणलं होतं. खरूज झालेल्या जनावराला जळकं ऑइल चोपडायचं, हे आमच्याकडे घरोघरचं औषध. नशीब, तोवर मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, हे गाडीला घाला. हिला लावलंत तर उद्यापर्यंत जगायची नाही." यांनी डबा गपचूप माळ्यावर टाकला.

सुया झाल्या, औषधाची आंघोळ झाली, गळ्याची जखम धुऊन झाली. "आता खाल्लं पाहिजे हिनं," बाई म्हणाल्या. "दूधभात द्या, पातळ वरण द्या. मीठ-तिखट काही नको. खाल्लं तर वाचेल."

आणि ती खाईना! मी दूधभात कालवला, वास घेतला आणि तोंड फिरवलं. वरणभात दिला, तोंड फिरवलं. गल्लीतून कुणी बिस्किटं आणली, कुणी अंडं आणलं, माझ्या गिरणीवरच्या एका मावशीनं तर तूपसाखरेची पोळी आणली. नुसती बघायची आमच्याकडे, जसं काही आम्ही तिची थट्टाच करतोय. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. हे मला म्हणाले, "मरी जाई व ही. जीव नको लाऊ." मी म्हटलं, तुमचं तोंड बंद ठेवा.

त्या संध्याकाळी मी रागारागात शेवभाजी केली. राग आला की माझ्या हातून मसाला जास्त पडतो. वर तेलाचा लाल तवंग, बघूनच घाम फुटावा अशी. हे ताट घेऊन अंगणात बसले. भाकरी मोडली, रश्शात बुडवली, आणि कोपऱ्यातली कुत्री उठून उभी राहिली. आणल्यापासून पहिल्यांदा आपल्या पायावर! लटपटत लटपटत यांच्या ताटाशी आली. हे घास हातात धरून तसेच बसले. मग हळूच पुढे केला. तिनं खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि खातेय, खातेय! अर्धी भाकरी संपवून तिनं वाटीकडे बघितलं.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पिल्लू असल्यापासून ती पथारीवर वाढलेली. देठं खुडणाऱ्या बायकांच्या डब्यातली उरलेली भाकरी आणि ठेचा, हेच तिचं आयुष्यभराचं जेवण. आम्ही ज्याला पथ्य म्हणत होतो ते तिला जेवण आहे असंच वाटत नव्हतं. हे तर हरखूनच गेले. "खरी नंदुरबारनी शे!" असं म्हणत दारोदार सांगत सुटले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. एवढ्या वर्षांत असा पेशंट पाहिला नाही म्हणाल्या. त्यांनीच मग तोड काढली, की रोज थोडी थोडी मिरची कमी करत न्या, तिला कळू देऊ नका.

तिला नाही कळलं. यांना कळलं. मला काही चार हात नाहीत तिचं वेगळं आणि यांचं वेगळं रांधायला. एकच भांडं चढायचं चुलीवर आणि त्यातली मिरची दिवसेंदिवस कमी होत गेली. एके दिवशी यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं, कुत्रीकडे पाहिलं. "आजार तिले, नि पथ्य मले!" असं म्हणून ताटावरून उठले. मग भूक लागल्यावर परत येऊन बसले. वर्षानुवर्षं यांना पित्ताचा त्रास होता, उशाशी गोळ्या असायच्या. तो त्या उन्हाळ्यात गेला. पण कबूल करतील तर शपथ.

नाव मात्र आम्ही ठेवलं नाही. यांचंच म्हणणं. "परत देनी शे ना तिले? मंग नाव ठेऊ नको. नाव ठेवं का जीव गुतस." मला पटलं. म्हणून आम्ही नुसतं 'ए' म्हणायचो. गल्लीतली पोरं 'ए कुत्रे' म्हणायची, मावशी 'ए माय' म्हणायची. ती सगळ्यांना शेपूट हलवायची. आणि नावाशिवाय जीव गुंतायचा तो गुंतलाच.

पुढं वैशाख आला. आमच्या खानदेशात वैशाख म्हणजे बिबडे. ज्वारी भिजवून, कांडून, शिजवून मोठमोठे पापड करायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. एकटीचं काम नव्हे ते. गल्लीतल्या साऱ्या बायका जमतात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. माझ्या पाळीला आम्ही अंगणभर जुन्या साड्या अंथरून बिबडे टाकले आणि बायका म्हणाल्या, कुत्रीला बांध आधी, सगळं तुडवील. मी म्हटलं, बांधायची नाही मी तिला. काय ते नुकसान झालं तर माझं.

कुत्री उठली. साडीच्या काठाशी आली, थांबली, आणि काठाकाठानं, एक एक पाय जपून टाकत, अख्ख्या अंगणाला वळसा घालून पलीकडे सावलीत जाऊन बसली. बिबड्याला नख लागलं नाही. बायकांना काय कौतुक! "माणसांच्या पोरांना एवढी अक्कल नाही गं!" मी हसले त्यांच्याबरोबर. पण पथारीवर पसरलेल्या मालावर पाय पडला की काय मिळत असेल, त्याशिवाय का हे शहाणपण आलं, हे लक्षात आलं, तशी मी उठून सावलीत तिच्यापुढे पाणी ठेवलं.

दुपारी आम्ही आत जेवत होतो. बाहेरून एकदम भुंकण्याचा आवाज. आम्ही एकमेकींकडे बघितलं. कुणाचं कुत्रं आलं? कारण आमची मुकी आहे असंच सगळे धरून चालले होते. आल्यापासून हूं की चूं नाही. बाहेर येऊन बघतो तर पलीकडच्या घरची शेळी बिबड्यांवर चालून आलेली आणि आमची बाई मधे उभी! पुन्हा भुंकली. शेळी पळाली. आणि आपलाच आवाज ऐकून ही इतकी दचकली, की शेपूट घालून माझ्या पातळामागे लपली. बायका हसून हसून जमिनीवर बसल्या. त्या दिवसापासून गल्लीतलं सगळं वाळवण तिच्या ताब्यात. बायका अंगणात कुरडया टाकायच्या आणि खुशाल झोपायला जायच्या. "ती आहे ना," म्हणायच्या.

पोळ्यापर्यंत अंगावर केस आले. आणि गंमत बघा, आम्ही सगळे तिला काळी समजत होतो. निघाली बदामी! शेंगदाण्याच्या टरफलासारखी. नुसता गळ्याभोवतीचा पट्टा तेवढा उघडा राहिला, तिथं केस कधीच आले नाहीत. हे तिला रोज सकाळी कंगव्यानं विंचरायचे. मला कधी विचारलं नाही केस विंचरू का म्हणून.

नवरात्र संपलं आणि एका सकाळी वाऱ्याबरोबर मिरचीचा वास आला. मला शिंक आली, यांना आली, आणि ओट्यावर तिला आली. एरवी या वासानं मला किती बरं वाटतं. त्या दिवशी हातातला डबा खाली ठेवून मी भिंतीला टेकून उभी राहिले.

मालकाचा निरोप आला, माल यायला लागलाय, कुत्री आणून द्या. मी सांगितलं, तिला ताप आहे. पुन्हा निरोप आला. मी सांगितलं, पाय लचकलाय. तिसऱ्यांदा त्याचा टेंपोवाला दळण घेऊन स्वतःच आला आणि त्याच्यासमोरून ही बया उड्या मारत गेली. टेंपोवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, औषध लागू पडलं वाटतं.

हे काही केल्या माझ्या बाजूनं बोलेनात. जन्मभर वेळेवर गाडी सोडलेला माणूस. "शब्द कोनी दिधा? तूच ना?" एवढंच म्हणायचे आणि कंगवा घेऊन अंगणात जायचे. मी भांडले, अबोला धरला, मुद्दाम भाजी जास्तच अळणी केली. काही उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक काय होतं? शब्द मीच दिला होता.

मग मला युक्ती सुचली. भाऊबीज! तो मला ताई म्हणतो ना? मग जाऊन ओवाळायचं. ओवाळल्यावर बहीण मागेल ते भावानं नाही म्हणू नये. माझा सख्खा भाऊ कळसाडीला असतो, दर वर्षी मी सकाळीच माहेरी पोचलेली असते. त्याला फोन केला, बाबा, यंदा संध्याकाळी येते. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हंजे कुत्रीकरता भाऊ बदलना तू!" आमचे हे म्हणाले, "तू वकील व्हवाले पाहिजे व्हती." पण आले बरोबर. स्कूटरवर पुढे हे, मागे मी ताट धरून, आणि पायाशी मधे ती, कान वाऱ्यावर सोडून. तिला वाटलं सहलच आहे.

पथारीवर पोचलो. जिकडेतिकडे लाल. मिरचीला सण नसतो, बायका देठं खुडत बसल्याच होत्या. मालक रिकाम्या खोक्यावर बसला होता. ताट बघून आधी गोंधळला, मग खूश झाला. त्याची बहीण सुरतेला, यंदा आली नव्हती. टोपी नव्हती म्हणून त्यानं डोक्यावर रुमाल घेतला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, वाऱ्यानं विझणारी ज्योत पदरानं झाकत ओवाळलं. त्यानं ताटात नोट टाकली. मी नोट उचलून त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, ही नको. भाऊबीज म्हणून मला कुत्री दे.

तो हसला. मग हसायचा थांबला. "ताई, दुसरं काय बी मांग," तो म्हणाला. "चारी बाजूनं उघडं शे आठे. रातले माल जास. नवा राखनदार एकटा पडस. मी कुत्री कशी देऊ?"

आता माझी पाळी होती. अख्खं भांडण मी पाठ करून आले होते. कोरडं घमेलं, रुतलेली साखळी, सगळं त्याच्या तोंडावर फेकायचं, देठं खुडणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी पदर खोचला. तेवढ्यात कुत्री कुठे दिसेना म्हणून हे म्हणाले, "ती कथा गई?"

ती मिरचीच्या दोन ढिगांमधून चालली होती. काठाकाठानं, पाय जपत. लिंबाखाली पोचली. तिथं खुंटा होता आणि खुंट्याजवळ नवी साखळी आणून ठेवलेली होती. ती खुंट्याशी बसली, आमच्याकडे तोंड करून. आणि तिनं मान पुढे केली. घाबरली नव्हती. शेपूटही पायात घातलं नव्हतं. सुट्टी संपली की माणूस कामावर हजर होतो, तशी हजर झाली होती. साखळी कोण बांधतंय याची वाट बघत होती.

माझं पाठ केलेलं भांडण तोंडातच राहिलं. सगळ्या बायकांचे हात थांबले. यांनी तोंड फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शब्द गया खड्डामा!" लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं गोड वाक्य या माणसानं मला कधी ऐकवलं नव्हतं.

मालक लिंबाकडे गेला. साखळीला हात लावला नाही. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि गळ्याच्या त्या उघड्या पट्ट्यावरून त्यानं बोटं फिरवली. मग म्हणाला, "ऊठ माय. घर जाय."

ती उठली नाही. मी हाक मारली, यांनी हाक मारली, तरी नाही. मालकाच्याच तोंडाकडे बघत, मान पुढे करून तशीच बसून राहिली. त्या जागेवरून तिला कुणी कधी जायला सांगितलंच नव्हतं, तिला काय कळणार? शेवटी तोच उभा राहिला, डोळे पुसले, "चाल" म्हणाला आणि चालायला लागला. कुत्री त्याच्या मागे निघाली. त्यानं वाळत घातलेल्या मालामधून तिला आणली, आमच्या समोरून नेली, स्कूटर उभी होती त्या रस्त्यापर्यंत तिच्या पुढे पुढे चालत गेला. रस्ता लागला तसा तो थांबला. ती थांबली नाही.